किल्ली माझ्याच पर्समध्ये होती

आठ वर्षं ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, बहिणीला नाही, आणि खरं सांगायचं तर देवालाही नीटशी नाही. रोज सकाळी गुडघे टेकते, आजाऱ्यांसाठी, पोरक्यांसाठी, सरकारसाठीसुद्धा प्रार्थना करते — आणि या एका जागेपाशी आले की वळसा घालून पुढे जाते. गेल्या महिन्यात दोन माणसांपुढे बोलले, पण त्याला सांगणं म्हणत नाहीत; का ते पुढे येईलच. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत हे पहिल्यांदाच.

आधीच बजावून ठेवते, मी चिडलेली आहे. मऊ शब्दांची वाट बघू नका. चर्चच्या कमिटीवर चिडलेय, पाळकांवर चिडलेय, खुर्च्यांवर बसून माना डोलावणाऱ्यांवर चिडलेय. पण यादीत सगळ्यात वर जी बाई आहे ती चष्मा लावून हे लिहायला बसली आहे. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं मी. पोरानं पट्टी मोडली की त्याला वर्गापुढे उभं करून म्हणायची, "केलंस ना? मग तोंडानं सांग." आणि स्वतः?

मी नांदेडच्या आमच्या चर्चचं ऑफिस बघते. पगार नाही, सेवा आहे. एक खोली, दोन टेबलं, एक फोन आणि भिंतीला लोखंडी कपाट. त्या कपाटात वरच्या फळीवर बाप्तिस्म्याची, लग्नाची, मयतीची रजिस्टरं, आणि खालच्या फळीवर मदतीच्या अर्जांची फाइल. खरी जोखीम त्या फाइलची. माणूस मदत मागायला येतो तेव्हा सगळं लिहून देतो — कुणाला कोणता आजार, कुणाचा नवरा पितो, कुणाची मुलगी सासरहून परत आली. मंडळीतल्या कितीतरी घरांच्या पोटातलं त्या फाइलीत आहे, आणि कपाटाची एकुलती एक किल्ली परवापरवापर्यंत माझ्या पर्समध्ये असायची. पूर्वीही माझ्याच पर्समध्ये असायची. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आठ वर्षांत ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आणि माझी ख्याती कशाबद्दल आहे, माहीत आहे? गोपनीयतेबद्दल. चर्चच्या ऑफिसात सेवा करायला जे स्वयंसेवक येतात त्यांना मी शिकवते — लोकांची माहिती कशी सांभाळायची. नांदेडात शिकवते, लातूरला जाते, रेणापूरला दोनदा जाऊन आले. शाल मिळते, गुच्छ मिळतो, फोटो निघतात. आणि शिकवते चांगलं, त्यात खोटा विनय नको. उघडं रजिस्टर टेबलावर टाकून चहाला जायचं नाही. प्रार्थनेची चिठ्ठी मोठ्यानं वाचायच्या आधी त्या माणसाला विचारायचं — नाव घेऊ का? अर्जाचा मोबाइलवर फोटो काढायचा नाही. कुणी ऑफिसात येऊन रडलं तर पाणी द्यायचं, बाहेर जाऊन "आज अमकी रडली" असं सांगायचं नाही, घरी नवऱ्यालासुद्धा नाही.

मग शेवटी मी एक गोष्ट सांगते. म्हणजे, सांगायची.

"आमच्याकडं एक बाई होत्या," मी सुरुवात करायची. "नाव घेत नाही हं मी. नाव घेतलं तर ती कसली गोपनीयता!" — इथं लोक हसायचे. "मनानं चांगल्या, पण पोटात काही राहायचं नाही. एका मुलीच्या आजारपणाची गोष्ट त्यांच्या तोंडून बाहेर गेली, आणि त्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं." बायका जिभेनं च्‌च्‌ करायच्या. नांदेडमध्ये तर नाव घ्यायची गरजच नव्हती. प्रत्येकाला ठाऊक होतं की ही सालोमी.

सालोमी किनवटकडची. तिथल्या वसतिगृहात राहून आठवीपर्यंत शिकली, लग्न झालं, नवरा लवकर गेला, मग नांदेडला भावाकडं आली. आठवड्यातले चार दिवस ऑफिसात यायची. झाडून काढायची, माठ भरायची, फोन उचलायची, प्रार्थनेच्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून ठेवायची. आणि बोलायची. किती बोलायची! बसमध्ये कंडक्टर काय म्हणाला, शेजारणीच्या शेळीनं काय खाल्लं, भावजयीनं भाकरी कशी आपटली. माझं डोकं उठायचं. पण आज एक विचारते स्वतःला. ती जे बोलायची ते कुणाचं होतं? सगळं तिचं स्वतःचं. ऑफिसात कोण आलं, कशाला आलं, यातलं एक अक्षर मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मी मात्र कमी बोलणारी, म्हणून विश्वासाची. माणसं मुळातच भाबडी असतात की मुद्दाम तशी होतात, हे मला अजून कळलेलं नाही.

आता ज्या मुलीचं लग्न मोडलं तिच्याविषयी. तिचं नाव लिहिणार नाही, वडील काय करतात ते लिहिणार नाही, आजार कुठला तेही नाही. ते लिहिलं तर तोच गुन्हा दुसऱ्यांदा होईल. एवढंच सांगते की आजार लहानपणचा होता, गोळ्यांनी पूर्ण आटोक्यात होता, आणि औषधाच्या मदतीसाठी तिच्या आईनं एकदा अर्ज दिला होता. अर्ज मी घेतला, मी वाचला, मी फाइलला लावला. दुसऱ्या कुणीही तो पाहिला नव्हता. लातूरच्या एका मुलाशी तिचं जमलं तेव्हा तिची आई मला म्हणाली होती, "मॅडम, आम्ही स्वतः बसून सांगणार हाव त्यांना, डॉक्टरचा कागद घेऊन. पोरीच्या तोंडून, आमच्या तोंडून. बाहेरून नगं कळायला." मी म्हणाले, "बरोबर आहे." अगदी असंच म्हणाले.

मग ती गोष्ट माझ्याकडूनच बाहेर का गेली?

इथं येऊन लेखणी अडते. कारण इतकं क्षुल्लक आहे की सांगायची लाज वाटते. एखादं मोठं कारण असतं — जुनं वैर, जमिनीचा तंटा, काही तरी — तर बरं झालं असतं, निदान लिहायला. आमच्याकडं उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन तासांची उपासना असते. क्रुसावरचे सात उद्गार, आणि सात माणसं एकेका उद्गारावर बोलतात. ज्याला बोलायला मिळतं त्याचा मान. तिसरा उद्गार आईला उद्देशून आहे, तो बाईमाणसाकडं देतात, आणि आमच्या चर्चमध्ये तो सतरा वर्षं माझ्याकडं होता. मी महिनाभर आधीपासून तयारी करायची. त्या वर्षी तो त्या मुलीच्या आईला दिला. मला कुणी विचारलं नाही, कळवलं नाही. छापील पत्रकात नाव वाचलं तेव्हा समजलं. आणि ती बोलली कशी — अडखळत, मधेच रडत, कागद उलटा धरून. उपासना संपल्यावर सगळे तिच्याभोवती. "काय बोलल्या हो! काळजाला भिडलं!" मी खुर्चीवर बसून होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

बस. एवढंच कारण.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात लातूरहून फोन आला. सालोमीनं उचलला, "बाई, सोयरिकीचं विचारून राहिलेत," म्हणाली, माझ्या हातात दिला आणि माठ विसळायला बाहेर गेली. फोनवर मुलाची आई होती. आमच्या लोकांत ही रीतच आहे. सोयरीक जमत आली की समोरच्या चर्चच्या ऑफिसात फोन करून चौकशी करायची. आणि आमचं उत्तरही ठरलेलं. घराणं चांगलं, मुलगी उपासनेला नेमानं येते, गायनात आहे, तब्येत ठणठणीत. मी ते उत्तर डोळे मिटून द्यायची. ज्यांच्याविषयी चार वाईट गोष्टी माहीत होत्या त्यांच्याविषयीसुद्धा तसंच. आदल्याच आठवड्यात एका मुलीविषयी देऊन झालं होतं.

या मुलीविषयी मी म्हणाले, "घराणं चांगलं आहे. मुलगी शिकलेली आहे."

"आन्‌ तब्येत-बिब्येत बरी हाय ना, मॅडम?"

मी थांबले. किती? चार श्वास असतील. तेवढा वेळ पुरेसा होता, मला हो म्हणायला पुरेसा होता. मग मी म्हणाले, "आजारपणाच्या गोष्टी आम्ही ऑफिसातून सांगत नसतो. गोपनीय असतं ते."

पलीकडून हळूच, "बरं. समजलं, मॅडम."

बघितलंत? एक शब्द खोटा नाही. एक शब्द नियमाबाहेरचा नाही. कुणी मला कोर्टात उभं केलं असतं तरी मी निर्दोष सुटले असते. जे वाक्य मी पुढं आठ वर्षं लोकांना पाठ करायला लावलं, त्याच वाक्यानं मी एका मुलीचं लग्न मोडलं. आणि मला माहीत होतं की मी काय करतेय — हे स्पष्ट लिहिते, कारण "नकळत झालं" असं म्हणायची सोय मला स्वतःला ठेवायची नाही. मला माहीत होतं. फोन ठेवताना मला बरं वाटलं होतं.

दहा दिवसांनी मुलीची आई ऑफिसात आली. बसली नाही. "आमच्या घरची गोष्ट इथून फुटली," ती ओरडली. "लातूरवाले म्हणून राहिले, चर्चच्या ऑफिसातूनच समजलं! मी काय लिहून दिलं होतं ते कुणी वाचलं?" मी तिला पाणी दिलं. हो, पाणी दिलं.

रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. सहा पुरुष, पाळकसाहेब आणि मी. सालोमीला आत बोलावलं. तिला विचारलं, फोन कोण उचलतं? ती म्हणाली, "मीच उचलते." झालं! त्यांना हवं ते मिळालं. लातूरला एक फोन लावून "आमच्याकडून कोण बोललं" एवढं विचारायचं कुणाला सुचलं नाही. कपाटाची किल्ली कुणाकडं असते, हे कुणी विचारलं नाही. विचारतील कशाला? एकीकडं निवृत्त शिक्षिका, इस्त्रीची साडी, सतरा वर्षं तिसरा उद्गार. दुसरीकडं झाडू मारणारी, लई बोलणारी किनवटची विधवा. सालोमी म्हणाली, "मला तर त्या पोरीला काय झालतं तेच म्हाईत न्हाई." कमिटीतला एक जण हसला. मी त्याचं नाव घेणार नाही, पण तो हे वाचेल तेव्हा त्याला कळेल.

मग पाळकसाहेबांनी मला विचारलं, "साळवे बाई, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणाले, "माणूस वाईट नाही हो ती. बोलण्याच्या भरात होऊन जातं."

या वाक्यासाठी मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. तिच्यावर सरळ आरोप केला असता तर तो निदान आरोप तरी झाला असता, ती भांडली असती. मी तिची बाजू घेतली! मी तिला माफ केलं, सगळ्यांसमोर, माझ्या स्वतःच्या अपराधाबद्दल. सालोमीनं माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प बसली आणि त्याचाही अर्थ लोकांनी कबुली असाच काढला.

तिला "काही दिवस येऊ नका" असं सांगितलं. ती रविवारीही यायची बंद झाली. मग कळलं की भावानं तिला किनवटला परत पाठवलं, तिथल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं. मी ऐकलं आणि म्हणाले, बरं झालं, पोटापाण्याची सोय लागली. अशी वाक्यं मला किती सहज सुचतात!

पुढं पाळकसाहेबच म्हणाले, असं पुन्हा होऊ नये म्हणून स्वयंसेवकांना काही शिकवा. शिकवायला मीच. मी कागद काढले, नियम लिहिले. सगळे नियम लिहिले — एक सोडून. चौकशीच्या फोनला सगळ्यांसाठी एकच उत्तर द्यायचं. एकीला "ठणठणीत" आणि दुसरीला "गोपनीय" असं करायचं नाही, कारण तसं केलं की न सांगताच सांगून होतं. खरं फुटायचं भोक तेच होतं आणि ते मी कुणालाच दाखवलं नाही. दाखवलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, बाई, हे तुम्हाला कसं सुचलं?

आणि सालोमीची गोष्ट शेवटी जोडली. पहिल्यांदा सांगताना तीनदा अडखळले होते. दुसऱ्यांदा कमी. पाचव्यांदा मी गोष्टीत हशाच्या जागा शोधू लागले.

चार वर्षांपूर्वी लातूरला गेले होते. हॉलमध्ये पंचवीसेक माणसं, रेणापूरचीही काही. गोष्ट झाली, च्‌च्‌ झालं, आणि मागच्या ओळीतून एका मुलीनं हात वर केला. औषधाच्या दुकानात कामाला होती ती, वही घेऊन नीट लिहीत बसलेली. तिनं विचारलं, "मॅडम, ते कपाट कुलपात असायचं म्हणालात ना? मग त्या बाईला कळलं कसं?"

चार वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट बघत होते — वाट बघत होते की घाबरत होते? — तो लातूरच्या एका पोरीनं विचारला. आमच्या सहा पुरुषांच्या कमिटीला जे सुचलं नाही ते तिला पहिल्या फटक्यात सुचलं. तिथंच सगळं संपवता आलं असतं. चहा यायला वेळ होता. ओळखीचं जवळचं कुणी नव्हतं. सोपं होतं.

मी म्हणाले, "किल्ली काढून घेतली होती तिनं. माझ्या पर्समधून."

लोक म्हणाले, "अरे देवा." त्या मुलीनं वहीत लिहून घेतलं.

आता कळलं? तोवर सालोमी वाचाळ होती, आता चोर झाली. आणि हे एकदा नाही. त्या दिवशी गोष्ट जास्त रंगली हे मला दिसलं ना! पुढच्या वेळी किल्लीचा भाग मी आपणहून सांगितला. त्याच्या पुढच्या वेळी मी पर्स उघडून दाखवली, कुठल्या कप्प्यात किल्ली होती ते. ज्यांना मी शिकवलं त्यांनी आपापल्या गावी जाऊन इतरांना शिकवलं, आणि गोष्ट सगळीकडं किल्लीसकट गेली. राग कुणावर काढू मी? ऐकणाऱ्यांवर काढते, कारण त्यांनी एवढ्या सहज विश्वास ठेवला. पण विश्वास ठेवायलाच मी त्यांना शिकवलं होतं.

या वर्षी नांदेडला प्रशिक्षण झालं. चहाच्या वेळी एक बाई माझ्याजवळ आल्या. किनवटच्या त्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. खूश होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या त्या गोष्टीचा आम्हाला लई फायदा झाला. तुमच्या नांदेडच्या लोकांकडून नाव कळलं, आमच्याकडची स्वयंपाकाची बाई तीच निघाली की! पोरींच्या धान्याची कोठी तिच्याच ताब्यात होती बघा, सात वर्षं. लगेच किल्ली काढून घेतली. आता भांड्याला लावलंय तिला. पुढच्या सालापासून ठेवायचीच न्हाई म्हणतो आम्ही."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "हो का." आणि हातातलं बिस्किट चहात बुडवून खाल्लं.

घरी आल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडं गेले. हे नवे पाळक, जुने बदलून गेले. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. फोन, चार श्वास, कमिटी, किल्ली. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे मिटून प्रार्थना केली, आणि मग म्हणाले, "साळवे बाई, झालं ते झालं. तुमची एवढ्या वर्षांची सेवा आहे. उगाच मंडळीत चर्चा नको. हे आपल्या दोघांतच राहू द्या — गोपनीय ठेवू."

गोपनीय! ऐकताय ना? त्या मुलीची गोष्ट गोपनीय राहू शकली नाही, सालोमीची बदनामी गोपनीय राहिली नाही, ती शाल-गुच्छासह जिल्हाभर फिरली. आणि माझं पाप लगेच गोपनीय! त्याला कपाट आहे, कुलूप आहे, पाळक आहेत.

मी तिथं चिडले असं वाटत असेल तर चूक. राग नंतर आला. त्या क्षणी मला हलकं वाटलं. आले ती जेवले, टीव्ही लावला, दुपारी गाढ झोपले. चार दिवस मी अगदी मजेत होते. मी कशी बाई आहे हे तुम्हाला नीट कळावं म्हणून सांगतेय.

पाचव्या दिवशी भाजी निवडताना अधीक्षिकेचं ते "ठेवायचीच न्हाई" आठवलं, आणि भाजी तशीच टाकून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून किनवटला गेले.

सालोमी वसतिगृहाच्या मागच्या नळावर होती. पोरींच्या न्याहारीची पातेली, परातींचा ढीग. केस पांढरे झालेत. मला पाहून ती उठली नाही. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. बरोबरच केलं. मी उभ्यानंच सांगितलं, तिला सगळं. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही उपयोगी आलं नाही.

ती घासता घासता ऐकत होती. मग म्हणाली, "मला कशाला सांगून राहिल्या, बाई? मला तर त्या दिशीच म्हाईत होतं. कपाटाला तुमच्याबिगर हात कुणाचा लागत व्हता?"

माझ्या तोंडून निघालं, "मग बोलली का नाहीस तू?"

तिनं हातातली परात खाली टाकली. एवढ्या वर्षांत मी तिला चिडलेलं पाहिलं नव्हतं. "बोलले की! न्हाई म्हणले ना मी, सगळ्यांच्या म्होरं! त्यो एक जण हसला. तुम्ही बी तिथंच व्हत्या. अजून कितीदा बोलायचं व्हतं?" मग परात उचलून पुन्हा घासायला घेतली आणि खाली बघतच म्हणाली, "माझ्या म्होरं नगा रडू. ज्यास्नी सांगितलं त्यास्नी सांगा जाऊन. आन्‌ नाव घेऊन सांगा. आतापर्यंत नाव न घेता लई सांगितलं."

मी माफी मागितली नाही. मागणार होते, पण मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तेवढंही तिच्याकडून घ्यायचा मला हक्क नव्हता.

तर ऐका. तुमच्यापैकी कितीतरी जण माझ्या प्रशिक्षणाला त्या खुर्च्यांवर बसला होतात. त्या बाईचं नाव सालोमी गायकवाड. तिनं कपाट उघडलं नाही. तिनं किल्ली घेतली नाही. लातूरच्या लोकांना तिनं त्या मुलीविषयी एक शब्द सांगितला नाही. ते सगळं मी केलं — विमल साळवे, नांदेड. पाळकसाहेबांना आवडणार नाही, कमिटीला तर नाहीच. कपाटाची किल्ली मी ऑफिसात ठेवून आलेय, शिकवायला आता जात नाही.

अधीक्षिकेला पत्र पाठवलं, सगळं खरं लिहून, सहीनिशी. त्याला तीन आठवडे झाले. फोन केला तर म्हणाल्या, "बघू, मॅडम, वरिष्ठांशी बोलावं लागेल." आज सकाळी परत फोन केला. सालोमी अजून भांड्यांवरच आहे.